टकमक टोकाची छत्री आणि पायांचे पट्टे : हवेतल्या प्रवाशाचा इतिहास

थ्रेड. जरा लांब आहे, पण हिवाळी सहलीला निघण्याआधी वाचून काढा.

रायगडावरच्या टकमक टोकाची आख्यायिका आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. शिवाजी महाराज टोकावर उभे असताना त्यांच्यावर छत्री धरणारा सेवक वाऱ्याच्या झोताने उचलला गेला. दांडा त्याने सोडला नाही आणि तो तरंगत खालच्या गावात सुखरूप उतरला. म्हणून त्या गावाचे नाव छत्री निजामपूर. मी ही कथा लोकस्मृती म्हणूनच घेतो, घटना म्हणून नव्हे.

घटना म्हणून ती गणितातही बसत नाही. साठ किलोचा माणूस आणि दोन मीटर व्यासाची छत्री असा हिशेब मांडला, तर खाली पोचताना त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या वर जातो. हाडे शाबूत ठेवून उतरायचे तर त्याहून दहापट तरी मोठे कापड हवे. शिवाय छत्रीचा दांडा हाताने किती वेळ धरून ठेवणार?

तरीही कथा रचणाऱ्याचे निरीक्षण अचूक होते, हे मान्य केले पाहिजे. उभ्या कड्यावर आदळणारा वारा आत शिरू शकत नाही, तो वर वळतो. टोकावर उभे राहून टोपी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. आज मावळातल्या डोंगरांवर, पाचगणीच्या पठाराच्या कडेला रंगीत पंख तासन् तास तरंगतात ते याच वर वळलेल्या वाऱ्यावर. मात्र छत्रीवाल्या सेवकाला कुणी पट्टे बांधले नव्हते, वजन विचारले नव्हते, ‘आता पळा’ असे सांगितले नव्हते. या धाग्याचा विषय तोच आहे. स्वतः न उडवता उडणाऱ्या माणसाला तयार करायला जग कसे शिकले, आणि कुठे अजूनही शिकलेले नाही.

निमित्त घरचे आहे. नातेपुत्याचा माझा मावसभाऊ मित्रांबरोबर डिसेंबरात हिमाचलला निघाला. फोनवर म्हणाला, ‘‘दादा, पॅराग्लायडिंग करणार आहे, तू मागे केलं होतंस ना? काही शिकावं लागतं का?’’ मी सवयीने म्हणालो, ‘‘काही नाही रे, सगळं पायलटच करतो.’’ फोन ठेवल्यावर लक्षात आले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने इतके चुकीचे उत्तर द्यायला नको होते.

सुरुवात एका सैनिकापासून करू. १७ सप्टेंबर १९०८. अमेरिकेत फोर्ट मायर येथे ऑरव्हिल राइट लष्करासमोर आपले विमान दाखवीत होता. शेजारच्या आसनावर लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज, वय २६. तो स्वतः विमानशास्त्राचा जाणकार होता. उड्डाण चालू असताना पंख्याचे एक पाते तुटले, त्याने एक ताणतार कापली आणि विमान नाकावर कोसळले. ऑरव्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या, पण तो वाचला. सेल्फ्रिजची कवटी फुटली आणि त्याच संध्याकाळी तो गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला जगातला पहिला माणूस चालक नव्हता, प्रवासी होता! दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्यानंतर अमेरिकी लष्कराचे सुरुवातीचे वैमानिक फुटबॉलपटूंसारखी जाड टोपी घालू लागले. टेक-ऑफच्या उतारावर तुमच्या हनुवटीखाली हेल्मेटचे बकल ‘टक्’ असे वाजते, त्या आवाजाची सुरुवात इथे आहे.

दुसरी घटना १ जुलै १९१२ ची, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची. हॅरिएट क्विम्बी ही त्या काळची गाजलेली अमेरिकी वैमानिक. बोस्टनजवळच्या मेळाव्यात तिने आयोजक विल्यम विलर्ड यांना आपल्या ब्लेरियो विमानात मागे बसवून समुद्रावर फेरी मारली. परतताना विमानाने एकाएकी नाक खाली घातले. आधी विलर्ड आसनातून फेकले गेले, पाठोपाठ क्विम्बीही. दोघांनाही पट्टे नव्हते. नेमके कारण काय, यावर तेव्हापासून वाद आहे. कुणी म्हणते तोल गेला, कुणी म्हणते प्रवासी काही सांगायला पुढे वाकला. वाद नाही तो एकाच गोष्टीबद्दल. रिकामे झालेले विमान तरंगत खाली आले आणि उथळ चिखलात जाऊन रुतले, फारशी मोडतोड न होता. यंत्र वाचले. पट्ट्याने त्याला बांधलेली माणसे असती, तर बहुधा तीही वाचली असती. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता कापडाकडे येऊ. १७९७ मध्ये पॅरिसला आंद्रे-जाक गार्नरँ फुग्यातून पॅराशूटने उतरला, तेव्हापासून पॅराशूट म्हणजे पडणे सुसह्य करणारी गोल छत्री होती. ती उतरवते, उडवत नाही. हा फरक पुसला डोमिना जाल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या माणसाने. १९६०च्या दशकाच्या मध्यात त्याने कापडाचे दोन थर, मध्ये शिवलेले कप्पे आणि समोरची उघडी तोंडे असा पंख पेटंट केला. वाहत्या हवेनेच कप्पे फुगतात आणि लोंबते कापड विमानाच्या पंखासारखा आकार धरते. त्याच सुमारास डेव्हिड बॅरिश याने आपला वेगळा ‘सेलविंग’ डोंगरउतारावरून उडवून पाहिला. पण लोकांना त्याची ओढ लागली नाही. चांगली कल्पना वेळेआधी आली की इतिहासात तिला एक तळटीप मिळते, तसे त्याचे झाले.

ओढ लागली ती फ्रान्सच्या मियुसी या आल्प्समधल्या गावात, २५ जून १९७८ रोजी, आणि कारण अगदी तुमच्याआमच्यासारखे होते, पैसे! ज्याँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ हे पॅराशूटवाले मित्र. प्रत्येक उडीसाठी विमानाचे भाडे परवडेना. मग विमानाऐवजी डोंगर का नको? पॅराशूट उतारावर पसरायचे, दोऱ्या ताणायच्या आणि खाली धावत सुटायचे. बोन त्या दिवसांत तरंगत थेट दरीतल्या फुटबॉलच्या मैदानापर्यंत पोचला. फ्रेंच भाषेत या खेळाला ‘पारापाँत’ म्हणतात. ‘पाँत’ म्हणजे उतार. नावातच सांगितले आहे की हा खेळ आकाशातून नव्हे, जमिनीवरून सुरू होतो, आणि पायांनी सुरू होतो.

इथेच प्रवाशाला दिल्या जाणाऱ्या सर्वांत महत्त्वाच्या सूचनेचा उगम आहे. विमानातून उडी मारणाऱ्याला वेग आयता मिळतो. उतारावरून निघणाऱ्याला तो कमवावा लागतो. दोघांना उचलायला पंखावरून ताशी साधारण पंचवीस किलोमीटरने हवा वाहायला हवी, असे ढोबळ मानू. समोरून पंधराचा वारा असेल, तर उरलेले दहा दोघांच्या पायांनी भरायचे. ती हलकी दौड झाली. वारा अगदीच पडलेला असेल, तर पंचवीस किलोमीटर धावावे लागेल, तेही एकमेकांना बांधलेल्या दोन माणसांनी. म्हणून चांगला पायलट वाऱ्याची वाट पाहत तासभर बसून राहतो, आणि आपण ‘वेळ काढतोय’ म्हणून कुरकुरतो.

‘टँडम’ या शब्दाचीही गंमत आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘अखेरीस’. इंग्रजीत ‘अखेरीस’ म्हणण्याच्या एका पद्धतीत ‘लांबी’चा शब्द येतो. त्यावर श्लेष करून अठराव्या शतकातल्या कुणी लॅटिन शिकलेल्या टवाळाने एकामागे एक घोडे जुंपलेल्या गाडीला हे नाव दिले. पुढे ते दोघांच्या सायकलला चिकटले आणि तिथून पंखाला. आमच्या माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. जड नांगराला एकापुढे एक बैलजोड्या जुंपल्या की पुढच्या जोडीने थांबून चालत नाही, हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

टँडममध्ये पुढची जोडी म्हणजे तुम्ही. प्रवासी पुढे, पायलट मागे. तुम्ही थांबलात की मागचा तुमच्यावर आदळतो. तुम्ही अर्ध्यातच बसलात, तर अजून न उचलणाऱ्या पंखाखाली तुमचे सारे वजन त्याच्या कमरेला लटकते आणि दोघेही दगडगोट्यांवर घसरत जातात.

मी मावळात, कामशेतजवळच्या डोंगरावर हे अनुभवले आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या परिसरात पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या शाळा उभ्या राहिल्या. हंगाम ऑक्टोबर ते मे. म्हणजे आमच्या वारीच्या नेमका उलटा. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते, तेव्हा मावळातले पंख घडी घालून ठेवलेले असतात. त्याच खोऱ्यात भाजे लेण्यात सूर्याचा म्हणून ओळखला जाणारा रथ दोन हजार वर्षे अधांतरी धावतो आहे. पट्टा त्यातही कुणाला नाही, पण देवांचे चालते.

माझा पायलट तिशीचा होता. पंख पसरण्याआधी त्याने प्रश्न विचारले. वजन किती, खरे सांगा. हृदयाचा, पाठीचा, मणक्याचा काही त्रास? अलीकडे शस्त्रक्रिया? महिला प्रवाशांना गर्भारपणाबद्दल. वजनाचा प्रश्न संकोचाचा वाटतो, पण तो सेल्फ्रिजपासून चालत आलेला प्रश्न आहे. राइट यांच्या विमानाने तोवर नेलेल्या प्रवाशांत तो सर्वांत जड होता. टँडमचा पंख साधारण चाळीस चौरस मीटरचा असतो, आणि पायलट, प्रवासी व सामान मिळून किमान व कमाल किती वजन चालेल हे त्याच्यावरच छापलेले असते. फार हलका प्रवासीही वाऱ्याच्या दिवशी अडचणीचा ठरतो, हे मला तिथेच कळले.

मग बूट पाहिले. घोट्याला आधार देणारे हवेत. सँडल घालून आलेल्या एका मुलाला त्याने सरळ परत पाठवले. ओढणी, मफलर, गळ्यातली माळ, खिशातल्या किल्ल्या, सारे काढायला किंवा आत खोचायला लावले. फोन हातात घेऊ दिला नाही. मागच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘यात राखीव पॅराशूट आहे, याचं हँडल ओढायचं नाही.’’ त्या पिशवीमागेही इतिहास आहे. १९१९ साली लेस्ली अर्विन याने स्वतः दोरी ओढून उघडायच्या पॅराशूटने विमानातून उडी घेतली, आणि १९२२ मध्ये लेफ्टनंट हॅरल्ड हॅरिस याचा जीव अशाच पॅराशूटने हवेतच मोडणाऱ्या विमानातून वाचवला. त्याआधी ‘पडता पडता माणसाला हात हलवण्याची शुद्ध राहील का’ यावर शहाणी माणसे गंभीरपणे वाद घालीत होती.

आता पट्टे. आधी पायांचे दोन, मग छातीचा. उतरल्यावर सोडायचे उलट क्रमाने, छातीचा आधी आणि पायांचे शेवटी. याचे कारण साधे आणि भयंकर आहे. छातीचा पट्टा लावला, हेल्मेट घातले, की माणूस आरशात पूर्ण तयार दिसतो. पायांचे पट्टे खाली असतात, जाकिटाआड जातात आणि जमिनीवर उभे असताना त्यांचे काही काम नसते. त्यांची उणीव कळते ती पाय जमिनीवरून सुटल्यावर, शरीर हार्नेसमधून खाली सरकू लागल्यावर. माझ्या पायलटने प्रत्येक बकल लावून ओढून पाहिले, दोन्ही बाजूंचे कॅराबिनर बंद असल्याचे बोटाने चाचपले, आणि मग पळण्याआधी तेच सगळे पुन्हा एकदा केले. दुसऱ्यांदा मला मोठ्याने म्हणायला लावले, ‘‘डावा पाय, उजवा पाय, छाती, हेल्मेट.’’ मला थोडे शाळकरी वाटले.

शेवटच्या सूचना त्याने मराठीत दिल्या, आणि भाषेचा हा मुद्दा मी कमी लेखत नाही. ‘‘मी ‘चाला’ म्हटलं की चालायचं. मागे ओढल्यासारखं वाटेल, तरी मागे जायचं नाही. ‘पळा’ म्हटलं की पळायचं. उडी मारायची नाही, बसायचं नाही. पाय हवेत गेले तरी पळत राहायचं. मी सांगेन तेव्हाच मागे बसायचं. दोऱ्यांना आणि माझ्या हाताला धरायचं नाही.’’ उतरताना काय, तेही आधीच सांगितले. उभे राहून चार पावले पळायचे की पाय वर घेऊन बैठकीवर घसरायचे, ते तो त्या क्षणाचा वारा पाहून ठरवणार. मला त्याने सगळे माझ्या तोंडून परत म्हणवून घेतले. घाबरलेला माणूस परक्या भाषेतल्या सूचनांना मान डोलावतो आणि ऐन वेळी बसतो.

उड्डाणाबद्दल लिहीत नाही. त्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत.

२०११ मध्ये नेपाळच्या साना बाबू सुनुवार आणि लाक्पा त्शेरी शेर्पा यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावरून टँडम उड्डाण केले. पंख होता साना बाबूचा, पण त्याला एवढ्या उंच चढाईचा अनुभव नव्हता. डोंगर होता लाक्पाचा, पण उडण्यात तो नवशिक्या. चढताना एकाने दुसऱ्याला सांभाळले, उतरताना दुसऱ्याने पहिल्याला. प्रवासी हा सामान नसतो, हे मला त्या जोडीइतके कुठेच स्पष्ट दिसलेले नाही.

आता १९१२ कडे परत. डिसेंबर २०२२, हिमाचलमधले कुल्लू. सातारा जिल्ह्यातला, म्हणजे आमच्या शेजारचाच, तीस वर्षांचा एक पर्यटक टँडम उड्डाणात हवेत असताना निसटून शेकडो फूट खाली पडला आणि गेला. पायलट सुखरूप उतरला. फेब्रुवारी २०२४, पुन्हा कुल्लू. तेलंगणातली एक तरुणी तशीच पडली. सुरक्षापट्टा नीट तपासला नव्हता असे प्राथमिक चौकशीत पुढे आले आणि पायलटला अटक झाली. विलर्ड यांच्यानंतर एकशे दहा वर्षांनी, यंत्र शाबूत उतरते आणि प्रवासी नाही. दोन्ही बातम्या वाचताना मला आपला ‘शाळकरीपणा’ आठवला.

नियम नाहीत असे नाही. हिमाचलने हवाई क्रीडांसाठी २००४ सालीच नियमावली केली. जानेवारी २०२२ मध्ये बीर-बिलिंगला एका बारा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाल्यावर तिथल्या उच्च न्यायालयाने लक्ष घातले. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि जमीन, पाणी व हवा या तिन्ही प्रकारच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. तरी जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पुण्याची एक तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट दोघेही गेले, आणि आयोजकाकडे परवानाच नसल्याचे पोलिसांनी सांगितले. पुढच्याच महिन्यात पसरणीच्या एका विद्यार्थ्याचा व्हिडिओ देशभर फिरला. परीक्षेला उशीर होत होता, म्हणून तो पाचगणीहून टँडमने थेट घाट टाळून खाली उतरला. मलाही तो आवडला. फक्त त्याखालच्या हजारो प्रतिक्रियांत ‘त्याला उडण्याआधी काय काय सांगितले असेल?’ हा प्रश्न मला सापडला नाही.

(कुणीतरी शिवकर बापूजी तळपदे विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. १८९५ च्या चौपाटीवरील उड्डाणाचा दावा आणि ‘वैमानिक शास्त्रा’ची १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी केलेली चिकित्सा यांवर वेगळा धागा लागेल. इथे तो विषय येत नाही, कारण दाव्यानुसारही त्या यंत्रात माणूस बसलेला नव्हता.)

तर मावसभावाला मी पुन्हा फोन केला आणि आधीचे उत्तर मागे घेतले. नोंदणीचा कागद आणि पायलटचा परवाना मागायचा, लाजायचे नाही. बूट घालून जायचे. वजन खरे सांगायचे. वारा उतारावर समोरून येतो आहे का, ते विंडसॉककडे पाहून स्वतः बघायचे. पायांचे दोन्ही पट्टे आपल्या हातांनी ओढून पाहायचे. पायलट घाईत असेल तर पैसे बुडाले तरी चालतील. आणि पाय अधांतरी झाले तरी पळत राहायचे.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. मागे वाऱ्याचा घोंघाट इतका होता की धड ऐकू येईना. ‘‘दादा, पट्टे मीच ओढून बघितले. पायलट हसला, म्हणाला, बहोत अच्छा. पण वारा वाढला म्हणून त्यानं सगळ्यांना खाली पाठवलं. पैसे परत दिले. आता मॅगी खातोय.’’

मावशीला हे कळले तेव्हा तिने विचारले, ‘‘म्हणजे एवढ्या लांब जाऊन नुसता पट्टा बांधून आला होय?’’